खुंटीला काय ठेवून चाललात?

आमच्या वेल्ह्यातनं तोरन्यावर जायाचं म्हनलं तर आदी धोंडूतात्याच्या खुंटीला कायतरी टांगावं लागतं. तिकीट न्हाई, पावती न्हाई. वस्तू.

गडाच्या पायथ्याला माजं ताकाचं छप्पर हाय. त्याच्या शेजारी उंबराचं झाड. त्या झाडाला तात्यांनी एक फळी बांदलीया आन् फळीला बाभळीच्या खुंट्या ठोकल्यात. गाडीतनं पाव्हनं उतरलं की तात्या काठी आडवी लावनार.

"वर चाललात? जावा. पर खुंटीला काय ठेवून चाललात?"

पाव्हनं हसत्यात. "आजोबा, आम्ही येतोच की संध्याकाळी."

"येतो तर समदीच म्हनत्यात. तोंडाचं 'येतो' वाऱ्यावर जातं. वस्तू ठेव."

मग कुनी गॉगल ठेवतं, कुनी गाडीची चावी. एका पोरानं मस्करीत पायातला मोजा काढून टांगला. तात्यांनी त्यो काठीच्या टोकानं उचलून त्याच्या फुड्यात धरला. "ह्यो न्यायला तू परत येनार? तुजी आई तरी ईल का?" समदी जीप हसली. त्या पोरानं गपचिप हातातलं घड्याळ काढून दिलं.

दिवसभर तात्या गडाकडं तोंड करून बसत्यात. ताक प्यालं तरी पाठ फिरवायची न्हाई. मानसं उतरत्यात, आपापली वस्तू घेत्यात, खुंट्या मोकळ्या व्हत जात्यात. शेवटची खुंटी मोकळी झाली की तात्या धोतार झटकून उटत्यात. "चला वैनी, आजचा गड उतारला." मगच घरला.

लोक त्यांना येडं म्हनत्यात. मी न्हाई म्हनत. मला ठावं हाय ह्या खुंट्या कुटनं आल्या.

मी नांदाया आले त्याच साली तात्याचं लगीन झालं. आमचं मालक आन् तात्या दोस्त. तात्याची बायको पंचमीला म्हायेरी गेली. "चार दिसांत येते," म्हनली. ती आलीच न्हाई. भांडान न्हाई, मारहान न्हाई. तिला हितला पाऊस आन् डोंगर सोसला न्हाई, येवडंच समद्यांला कळलं. तात्या आननाया गेलं तर हात हालवीत परत आलं. जाताना तिनं लुगडी, आरसा, कंगवा, समदं नेलं व्हतं. तात्या आजबी कदी मदी म्हनत्यात, "वैनी, नुस्ता कंगवा जरी फळीवर ठेवला असता, तरी वळाखलं असतं, येनार हाय म्हनून."

दुसरं लगीन त्यांनी केलं न्हाई.

माजं काय, मालक तापानं गेलं तवा पोरं ल्हान. तेरावा झाला आन् दुसऱ्या दिवशी ताकाची चरवी डोईवर घेऊन मी गड चडले. वर तळ्यापाशी बसून ताक इकायचं, सांजच्याला उतरायचं. पायात कदी वहाना व्हत्या, कदी न्हवत्या. रडाया येळ न्हवता, आन् रडून चरवी हालकी व्हत न्हाई. आता गुडगं म्हनत्यात बस, म्हनून पायथ्याला बसते. मालक गेलं त्या साली तात्या रोज माज्या चरवीवरचं झाकान खाली ठेवून घ्यायचं. "झाकान ऱ्हाऊ द्या माज्यापाशी. फडकं बांदा वर." मला वाटायचं, ह्या बाबाला झाकनाचं काय सोनं लागलंय? पर उतारल्यावर झाकान घ्यायला गेलं की कुनीतरी वाट बघत बसल्यालं असायचं. पहिली खुंटी तीच, माज्या झाकनाची.

गड कसा बघावा ते तात्याकडनं ऐकावं. शेरातली मानसं मोबाईलवर वाचून येत्यात, तात्या त्यांला वाचल्यालं इसराया लावत्यात.

"चडताना डोंगर बघायचा न्हाई, पाय बघायचं. डोंगर कुटं पळून जात न्हाई, पाय जात्यात."

"उतरनाऱ्याला इचारू नका, किती ऱ्हायलं म्हनून. त्यो 'आलंच' म्हननार. त्येचं आलं, तुमचं न्हाई."

"रेलिंगवर येवडा भार टाकू नका. ते सरकारी हाय, दगूड देवाचा हाय. दगूड धरा."

"वर गेल्यावर आदी मेंगाईच्या देवळात डोकं टेका. मग फोटू. देवी कुटं कॅमेरा बघून बसल्याली न्हाई."

"आन् छत्री न्हाई न्यायची. गडावर छत्री म्हंजी पतंग. आन् पतंगाच्या मागं मानूस."

तात्या सोता फिराया गेलं ते येकदाच, म्हाबळेश्वरला. भोरवरनं यष्टी केलती गावानं, मीबी व्हते. तितलं वर्नन तात्या असं करत्यात, "पॉईंट पॉईंट म्हनून नुस्तं कडं दाखवत्यात. कडं आपल्याकडं कमी हायत व्हय? तितं फकस्त कड्यावर मका भाजत्यात, येवडाच फरक."

पर तितल्याच येका मक्यावाल्यापाशी तात्यांनी आपली पिशवी ठेवली. "येतो बघून," म्हनले. बघून झालं, आन् डायव्हरनं गाडी दुसऱ्याच फाटकाला लावली. समदी बसली, गाडी चालू झाली, आन् तात्या मदीच उबं. "थांबवा! माजी पिशवी ऱ्हायली."

"पिशवीत काय हाय?" डायव्हर म्हनला.

"टावेल हाय आन् भाकरीचं फडकं."

"आहो, घरी दुसरा टावेल घ्या."

"टावेलाचं न्हाई रं बाबा. त्यो मानूस वाट बघत आसंल."

सारी गाडी बोंबलत ऱ्हायली, पर तात्या पायरीवरनं हालंना. शेवटी गाडी वळवली. मक्यावाल्याच्या ध्येनातबी न्हवतं. पिशवी खाटंखाली सारल्याली. त्यानं मान वर केली आन् म्हनला, "आलात व्हय परत?" बास, येवडंच. तात्या घरापातूर खिडकीबाहीर बघत गालात हसत व्हतं. अजून सांगत्यात, "त्यो मला म्हनला, आलात व्हय परत."

ह्या भादव्यातली गोस्ट सांगते.

सकाळच्याला नसरापूरची जीप आली. त्यातनं बाप-लेक उतारली. बाप चांगला सत्तरीचा, लेक हापिसात जानारी आसंल. बापाच्या हातात काळी छत्री, लाकडी मुठीची. तात्यांनी काठी आडवी लावली.

"छत्री ठेवा हितं."

"अहो, बाबांना ती काठीसारखी लागते," लेक म्हनली.

"मग ही घ्या माजी काठी. छत्री खुंटीला."

बाप हसला. छत्रीवरनं हात फिरवला आन् म्हनला, "माझ्या वडिलांची आहे ही. जपा. आलोच घ्यायला."

तात्यांनी ती छत्री अशी टांगली, जसं काय देवाचं काय टांगतोय. मला म्हनले, "बगा वैनी. असली वस्तू ठेवनारा मानूस खात्रीचा."

दुपारपातूर ऊन व्हतं. मग पल्याडनं ढग चडला. आमच्याकडं भादव्यात ढग ईत न्हाई, पडतो. गड आसा गिळला की बुरूज न्हाई, वाट न्हाई, काय न्हाई. बाकीची पाव्हनी भिजून, पाय कापत उतारली. खुंट्या मोकळ्या झाल्या. येकच ऱ्हायली, छत्रीची.

तात्या उटून उबं. उतरनाऱ्या परत्येकाला इचारायचं, "म्हातारं मानूस बघितलं का? बरुबर लेक? हातात माजी काठी?" कुनी म्हनलं देवळापाशी बघितली. कुनी म्हनलं न्हाई. चार वाजलं. चारच्या फुडं तात्या कुनाला वर सोडत न्हाईत, बापाचा बाप आला तरी.

"वैनी, मी वर जातो."

म्या म्हनलं, "तात्या, ढग बगा. तुमची काठी त्यांच्यापाशी. जरा दम धरा."

"छत्री ठेवल्याली मानसं हायत ती. आल्याबिगर ऱ्हायची न्हाईत. न्हाई आली म्हंजी कुटंतरी आडकली." आन् गेलं. धोतार खोचून, पान्यातनं, रित्या हातानं. पाच-सा पावलात ढगानं गिळलं त्यांनाबी.

मी चुलीपाशी बसले. चार भाकरी केल्या आन् कुनासाटी केल्या ते कळंना. शेजारचा दुकानवाला शटर वडून भोरला गेलता. पाऊस बारीक, वाऱ्याचा आवाज मोटा. अशात कडा कुटं संपतो आन् ढग कुटं सुरू व्हतो, ते डोळं असून दिसत न्हाई.

तेवड्यात माजा मोबाईल वाजला. नसरापूरचा जीपवाला.

"मावशी, तात्यांला म्हनावं, ती छत्री जपून ठेवा. पाव्हनं परवा येत्यात न्यायला. काठीबी हाय त्यांच्यापाशी."

"आरं, पाव्हनं कुटं हायत?"

"हितंच की नसरापुरात. भजी खात्यात. म्हाताऱ्याला तुमच्या बाजूचं रेलिंग उतराया भ्या वाटलं, तर दुसऱ्या पाव्हन्यांसंगं बुदला माचीकडनं, गडाच्या पल्याड, भट्टी गावाला उतारली. मला फोन केला, मी तिकडं जाऊन आनली."

तव्यावरची भाकरी तशीच करपली. भजी खात्यात! आन् तात्या त्यांच्यासाटी कडं चाचपत फिरतोय. मानूस पल्याडनं बी उतरतं, हे तात्याच्या खुंटीला ठावंच न्हवतं. तात्यांचा हिशेब येकच, ज्या वाटंनं चडला त्याच वाटंनं येनार, कारन वस्तू हितं हाय.

आता तात्यांना सांगनार कोन? मोबाईल त्यांनी कदी हातात धरला न्हाई. पाव्हनी सापडंपातूर ते उतरायचं न्हाईत, हे मला ठावं व्हतं. आन् पाव्हनी सापडायचीच न्हाईत.

म्या चुलीत दोन लाकडं जास्तीची सारली. घोंगडं डोईवर घेतलं, भाकरीचं ताट आन् उलथनं घेतलं, आन् निगाले. गुडगं काय म्हनत व्हतं ते ऐकलं न्हाई. ह्या वाटंवर चरवी घेऊन चडल्यालं पाय हायत, त्यांना डोळं लागत न्हाईत. दर वळनावर थांबायचं, ताट बडवायचं, हाळी द्यायची. "तात्याऽऽ! माघारी फिराऽऽ!" वारं ती हाळी माज्याच तोंडावर मारायचं. येका जागी पाय घसारला, गवात धरलं, गवात हातात आलं. तशीच बसले. मग तात्याचं आठावलं, गवात न्हाई, दगूड. दगूड धरून उटले.

पहिल्या सोंडंवर जागा सपाट हाय. तितनं फुडं मला जमनार न्हवतं. उबी ऱ्हाऊन ताट बडवत ऱ्हायले. हात भरून आलं. मनात म्हनलं, मालकाच्या येळंला काय करता आलं न्हाई, ताप हातानं थांबत न्हाई. पर ताट तर बडवता येतंय. बडव.

लई येळानं वरनं दगूड घरंगळल्याचा आवाज. मग ढगातनं, "कोन मेलंय गं? कशाला ताट बडवतीया?"

तात्या. कोपरं फुटल्यालं, येक वहान न्हाई, धोतराची लक्तरं. मला बगून आदी कावलं.

"वैनी? तुमी? चारच्या फुडं? गडावर?"

"पाव्हनं नसरापुरात भजी खात्यात. पल्याड भट्टीला उतारली."

तात्या म्हनले, "छत्री ठेवून?"

"छत्री ठेवून. परवा येत्यात न्यायला."

त्यांना हासावं का रडावं कळंना. उगं तोंडावरचं पानी फुसलं. मग येकदम जागं झाल्यागत माज्यावर खेकसलं, "आन् तुमी खुंटीला काय ठेवून आला?"

"चूल पेटती ठेवून आले," म्या म्हनलं. "आन् तुमी? तुमी काय ठेवलं व्हतं तात्या? मी बगितलं. छत्रीबिगर खुंटीला काय न्हवतं."

तात्या खाली बगाया लागलं. वाऱ्यातनं ऐकू येईना, येवडं हळू बोललं.

"वाट बगनारं मानूस आसलं, तर टांगायचं वैनी."

ताट काखंत मारलं. म्होरं मी, मागं तात्या, दगूड धरत उतारलो. खाली आलो तवा दिवेलागन व्हत व्हती आन् चूल जळत व्हती. करपल्याली भाकरी मी खाल्ली, बरी त्यांना दिली.

परवाच्याला त्यो बाप आला, काठी घेऊन. लई शरमला व्हता, माफी मागाया लागला. तात्यांनी त्याला बोलूच दिलं न्हाई. छत्री खुंटीवरनं काडली, त्याच्या हातात दिली आन् हासून म्हनले, "आलात व्हय परत?"

फुडं आला मंगळवार. मंगळवारी तात्या मेंगाईला दिवा लावाया वर जात्यात, किती वर्सं झाली. तेलाची बाटली घेतली, काठी घेतली, निगाले. मी ताक घुसळत व्हते. उंबरापातूर गेलं आन् थांबलं. हिकडं बगितलं, तिकडं बगितलं. मग डोईवरची टोपी काडली, झटकली, आन् खुंटीला अडकावली. उगड्या डोईनं वाटंला लागलं.

म्या बगितलं न्हाई असं केलं. ताक घुसळत ऱ्हायले. पर त्या दिवशी गडाकडं पाठ करून बसले न्हाई.