हेडक्लार्कांचा शार्क

दात कोरून पोट भरत नाही, असं आपले पूर्वज सांगून गेले. पूर्वजांचा अनुभव दांडगा होता, पण त्यांनी आमची संस्था पाहिलेली नव्हती. सूक्ष्म दंतावशेष वर्गीकरण केंद्रात गेली कित्येक वर्षं पंधरा माणसं साडेदहा ते साडेपाच दातच कोरत आहेत आणि पंधराही जणांची पोटं भरलेली आहेत. (दोघांची पुढेही आली आहेत.)

कामाचं स्वरूप असं. केंद्रात पोत्यांतून गाळ येतो. हा गाळ कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी होता. सध्या तो आमच्या मोरीशेजारी असतो. तो भिजवायचा, एकाखाली एक लावलेल्या तीन चाळण्यांतून धुवायचा, चाळणीत उरेल ते बल्बखाली वाळवायचं आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन ओल्या कुंचल्याच्या टोकानं त्यातले शार्कचे दात वेचायचे. शार्कचा सांगाडा मऊ कूर्चेचा. मासा मेला की तो कुजून जातो आणि मागे राहतात ते दात. आमच्याकडे येणारे दात मोहरीएवढे असतात. एवढ्याशा वस्तूवरून अख्खा मासा ओळखणं याला शास्त्र म्हणतात. मासा समोर ठेवून ओळखणं हे बाजारात कुणीही करतं.

वेचायच्या खोलीत पंखा लावायला बंदी आहे. बोलताना तोंड बाजूला वळवावं लागतं. शिंकेबाबत तर स्वतंत्र परिपत्रकच आहे, कारण एका सहकाऱ्याच्या एकाच शिंकेत सुमारे चाळीस लाख वर्षं टेबलाखाली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूबरोबर बाहेर पडली. (परिपत्रकानुसार शिंक येणार असल्यास आगाऊ लेखी सूचना द्यावी.)

वेचलेल्या दातांचे आम्ही तीन गट करतो: 'निश्चित', 'बहुधा' आणि 'नंतर बघू'. गेल्या वार्षिक अहवालाप्रमाणे निश्चित दोन टक्के, बहुधा सात टक्के आणि बाकीचे सगळे नंतर बघू. पण जे दोन टक्के निश्चित आहेत ते अत्यंत निश्चित आहेत. ते जगातल्या कुठल्याही माहीत असलेल्या शार्कशी जुळत नाहीत, आणि जो दात कशाशीच जुळत नाही तो नव्या प्रजातीचा, याबद्दल आमच्यात कधी दुमत झालेलं नाही. अशा अकरा नव्या प्रजाती केंद्रानं जगाला दिल्या. जगानं अद्याप पोच दिलेली नाही.

नव्या प्रजातीला नाव लागतं. त्याची रीत सोपी आहे. कुणाचं तरी आडनाव घ्यायचं, त्याला लॅटिन शेपूट जोडायचं, की मासा तयार. इतर कचेऱ्यांत निवृत्त होणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ देतात, आम्ही शार्क देतो. घड्याळ बंद पडतं. नामशेष मासा आणखी नामशेष होऊ शकत नाही. निवृत्त होणारं कुणी नसेल तेव्हा हा मान बाहेर जातो. पहिली प्रजाती संस्थापकांच्या सासूबाईंच्या नावे आहे (दात आत वळलेला, कमालीचा धारदार, संस्थापकांनी 'कृतज्ञतापूर्वक' असं लिहून ठेवलं आहे). दुसरी खुद्द संस्थापकांची, आकारानं सासूबाईंपेक्षा लहान. तिसरी जे उद्घाटनाला येणार होते त्या मंत्र्यांची. पाचवी छताच्या ठेकेदाराची, आणि नाव दिल्यापासून छत जास्त गळतं.

सातवी माझी. मी केंद्राचा ओळख-अधिकारी आहे आणि स्वतःच्या माशाबद्दल स्वतः बोलणं बरं दिसत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. माझ्या प्रजातीचा दात सरळ, गुळगुळीत, टोकाला बोथट आणि फिकट हिरवा असून पाण्यावर तरंगतो. असा दुसरा दात कुठल्याही संग्रहात नाही.

या वर्षी निवृत्त होत होते ते आमचे हेडक्लार्क. बारावा शार्क त्यांचा हे ठरलेलंच होतं, आणि त्यासाठी एक दात टाचणीच्या डोक्यावर चिकटवून राखूनही ठेवला होता. हा माणूस उभी हयात दाराजवळच्या टेबलाशी बसला, सगळ्यांच्या रजा सांभाळल्या, कुणाला कधी लागेलसं बोलला नाही, आणि सूक्ष्मदर्शकात एकदाही डोकावला नाही, कारण डोकावलं की त्याला गरगरतं. मला तो मनापासून आवडतो. शार्कमध्ये त्याला स्वतःला काडीचा रस नव्हता. पण त्याच्या घरी एका चौकामुळे परिस्थिती नाजूक होती.

हेडक्लार्कांच्या साडूंच्या नावाचा शहरात एक चौक आहे. चौक म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. चौथा मंजूर आहे. चौक झाल्यापासून साडूंच्या बायकोनं दुसऱ्या कुठल्या रस्त्यानं येणंच सोडलं. बहिणीच्या घरात पाऊल टाकलं की ती चप्पल काढता काढता म्हणते, "उशीर झाला गं, आमच्या चौकात काय ती गर्दी." मग वहिनी, म्हणजे हेडक्लार्कांची बायको, पाणी आणायला आत जातात आणि बराच वेळ बाहेर येत नाहीत. पाण्याला एवढा वेळ लागत नाही, हे हेडक्लार्कांनाही कळतं.

निरोप समारंभाला महिना होता तेव्हा वहिनी मुद्दाम केंद्रात येऊन मला भेटल्या.

"भाऊजी, मासा केवढा आहे?"

"दात दीड मिलिमीटर आहे, वहिनी."

"दात नाही, मासा विचारतेय."

"मासा कुणी पाहिलेला नाही."

"मग मोठा म्हणायला कुणाची ना आहे?"

या युक्तिवादात मला काही खोट काढता आली नाही, कारण आमचे सगळे अहवाल त्याच पायावर उभे आहेत. त्याच संध्याकाळी वहिनींनी बहिणीला ट्रकएवढा म्हणून सांगितलं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. तेवढ्यात केंद्रात नव्या बाई रुजू झाल्या. नव्या बाई हा विषय शिकून आलेल्या होत्या. (अशी नेमणूक यापूर्वी कधी झाली नव्हती, जाहिरातीच्या मजकुरात कुणाची तरी चूक झाली असावी.) हेडक्लार्कांच्या टेबलाजवळचं दार वाऱ्यानं आपटतं, म्हणून त्याला एक चपटा दगड लावलेला असे. तो फार पूर्वी गाळाच्या पोत्यातून आला होता आणि चाळणीतून जाईना म्हणून दाराला लागला होता. हेडक्लार्क रोज सकाळी तो पायानं सरकवून लावत आणि संध्याकाळी पायानंच बाजूला करत. नव्या बाईंनी तो उचलून उलटा केला. आजवर हे कुणाला सुचलं नव्हतं. खालच्या बाजूला, कुजायच्या आतच दगडात गाडला गेलेला, एक अख्खा जबडा होता, दात जागच्या जागी, ओळीनं.

दोन दिवस बाईंनी त्या दगडावर सूक्ष्मदर्शक धरला आणि तिसऱ्या दिवशी संचालकांनी सर्वांची तातडीची सभा बोलावली.

"आपल्या अकरापैकी दहा प्रजाती या एका जबड्यात आहेत," बाई म्हणाल्या. "हा समोरचा दात म्हणजे सासूबाई. त्यांच्या शेजारी मंत्री. वळणावर ठेकेदार. पार मागे संस्थापक. साहेब, एकाच माशाचे पुढचे दात वेगळे असतात, बाजूचे वेगळे, मागचे वेगळे. आपण एका तोंडाचे दहा मासे केलेत. खोटं वाटत असेल तर स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवून बघा."

संचालकांनी फिरवली. त्यांचं बघून सगळ्यांनीच फिरवली. बराच वेळ सभेत गाल आतून हलत होते.

"आणि उरलेली एक?" मी विचारलं.

"तुमची प्रजाती या जबड्यात नाही. ती कुठल्याच जबड्यात मिळणार नाही."

असं म्हणताना बाईंची नजर माझ्या शर्टाच्या खिशाकडे होती. (खिशात माझा कंगवा असतो. त्याचाही रंग फिकट हिरवा आहे आणि त्याचा एक दात फार पूर्वी पडला आहे. निसर्गात असे योगायोग आढळतात.) अकरा प्रजातींपैकी माझी एकटीच कसोटीला उतरली, याचा मला नम्र अभिमान वाटला.

अशा प्रसंगी शास्त्राचा नियम कडक आहे. एका माशाला अनेक नावं पडली असतील तर सगळ्यांत जुनं टिकतं, बाकीची रद्द. म्हणजे आता सगळा मासा सासूबाईंचा. संस्थापक हल्ली घरीच असतात, त्यांना फोन लावून हे कळवण्यात आलं.

"माझाही गेला?" त्यांनी विचारलं.

"हो. तुमचाही त्यांच्यातच गेला."

"वाटलंच होतं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

हेडक्लार्कांसाठी राखलेला दातही त्याच जबड्यात निघाला, शेवटून दुसरा. म्हणजे ते निवृत्त होण्याआधीच त्यांचा शार्क सासूबाईंकडे गेला होता. सभेचं इतिवृत्त हेडक्लार्कच लिहीत होते. त्यांनी स्वतःच्या नुकसानीचं वाक्यही सुवाच्य अक्षरात पूर्ण केलं, पूर्णविराम दिला आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "आता हिला काय सांगू?" मला फार वाईट वाटलं. वहिनी पाणी आणायला आत गेलेल्या मला दिसू लागल्या, आणि या वेळी त्या बाहेर येतील असं काही वाटेना.

संचालक उठले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी त्यांनी प्रस्तावना केली आणि दगड पूर्ववत दाराला लावून सर्व प्रजाती कायम ठेवाव्यात असा ठराव मांडला. इथे नव्या बाईंचा संयम सुटला.

"ठीक आहे. दहा दात दहा वेगळ्या माशांचे, असंच ना? मग ज्याच्या तोंडात दहाच्या दहा आहेत तो मासा या दहांपैकी कुणीच असू शकत नाही. तो आणखीनच वेगळा, बारावा कुणीतरी असला पाहिजे. करा त्याचंही बारसं."

बाईंनी हे आमची खिल्ली उडवण्यासाठी म्हटलं होतं. पण माणसं एकमेकांकडे बघू लागली. इतका निर्दोष विचार त्या खोलीत पूर्वी कुणी मांडलेला नव्हता.

"इतिवृत्तात घ्या," संचालक म्हणाले.

"साहेब, मी उपरोधानं बोलले."

"उपरोध इतिवृत्तात येत नाही, बाई," हेडक्लार्क अदबीनं म्हणाले. "फक्त म्हणणं येतं."

बाई विरोध करायला उभ्या राहिल्या. विरोधाला तयारी भरपूर होती, हातात कागदही होते. पण त्यांचं लक्ष हेडक्लार्कांकडे गेलं. तो माणूस त्यांचं वाक्य शब्दन् शब्द उतरवून घेत होता आणि त्याची मान खाली असली तरी कान लाल झाले होते. बाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं त्यांच्याच दाराला होता. नाव त्यांचंच द्या." ठराव एकमतानं मंजूर झाला आणि बाई खऱ्या अर्थानं केंद्रात रुजू झाल्या.

निरोप समारंभ झकास झाला. जबडा एका स्टुलावर मखमल घालून ठेवला होता. दाराला आता दगड नसल्यामुळे प्रत्येक भाषणात दार दोन-तीनदा आपटलं, त्या टाळ्याच आहेत असं समजून वक्ते लांबवत गेले. इतरांना एकेक दात मिळाला होता, हेडक्लार्कांना अख्खा जबडा मिळाला, हे वहिनींनी पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे समजावून सांगितलं. साडूंच्या बायकोनं नव्या बाईंना गाठून विचारलं, "खरंच ट्रकएवढा होता का हो?"

बाई खोटं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमच्या चौकात तो राहू शकला नसता, एवढं मी छातीठोकपणे सांगते."

साडूंची बायको पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही. वहिनींनी हेडक्लार्कांकडे पाहिलं. हेडक्लार्क हसले, आणि त्यांचे दात मी आयुष्यात प्रथमच पाहिले.

जाता जाता साडूंनी मला खांबाआड घेतलं. "एखादा शिल्लक आहे का हो? लहान चालेल," ते म्हणाले. मी त्यांचं नाव लिहून घेतलं. तेव्हापासून त्यांच्या मागे रांग लागली आहे. अडचण एवढीच, की 'नंतर बघू' मधले दात हल्ली नव्या बाई खरोखरच बघतात, आणि ते एकामागून एक सासूबाईच निघत आहेत.

वाचकहो, साडूंना तुम्ही हसलात. हसायला हरकत नाही. पण मघाशी आडनावाला लॅटिन शेपूट जोडायचं असं मी म्हटलं, तेव्हा क्षणभर वाचायचं थांबून तुम्ही आपल्या आडनावाला ते जोडून पाहिलंत. नाही म्हणू नका, सगळेच पाहतात. शोभत असेल तर कधीही या, कामाच्या दिवशी साडेदहानंतर. साडूंच्या मागे उभं राहावं लागेल. शार्कचे दात संपत आले आहेत, तेव्हा येताना कंगवा घेऊन या.