खरा हात कुणाचा?

उद्या शाळा तपासायला येणारे साहेब विंचूरहून परत जातील ते पगडी हातात घेऊनच, असं रंगनाथ गुरुजींनी बायकोला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. पगडी हातात कशासाठी, हे सिंधुबाईंना कळेना. "थक्क झालेला माणूस डोकं खाजवतो," गुरुजी म्हणाले आणि ऐटीत अंघोळीला गेले.

ही १९३४ सालची गोष्ट. शाळेत चार इयत्ता, खोली एक आणि मास्तर एकटे. चौथीला भागाकार घालावा तर पहिली रडायची, पहिलीला उजळणी म्हणायला लावावी तर चौथी पेंगायची. म्हणून गुरुजींनी चौथीतल्या एकेकाच्या हवाली पहिलीतलं एकेक पोर करून टाकलं. पाट्या कोपऱ्यात गेल्या. मोठ्यानं समजवायचं, धाकट्यानं करायचं. चिंचोके वाटायचे, मापट्यानं वाळू भरायची आणि साहेबांपुढे खोली मोजून दाखवायची. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, इतकं सोपं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी रंगीत तालीम झाली. खोली एक, पण प्रत्येक जोडीनं तिची लांबी निराळी आणली. कुणी मोठ्याच्या हातानं मोजलं होतं, कुणी धाकट्याच्या, तर कुणी अर्ध्यावर हात बदलला होता. त्यात चौथीची पोरं आपापल्या धाकट्याच्या उत्तरासाठी अशी भांडू लागली, की जणू प्रत्येकाच्या घरचं शेत दुसऱ्यानं बळकावलंय. त्यांतल्या लहानूनं तर एकाची गचांडीच धरली. शेवटी गुरुजींनी स्वतःच्या हातानं खोली मोजली. उत्तर आणखीनच वेगळं आलं, आणि सगळी शाळा त्यांच्याकडे कीव करून पाहू लागली.

चौथीतला गोरक्ष म्हणाला, की कापडवाल्या कादरभाईंना विचारू, सगळा गाव त्यांच्याच हातानं कापड घेतो. कादरभाईंची नात जहिदा ही गोरक्षची पहिलीतली जोडीदारीण. तिनं मान डोलावली. गुरुजी नको म्हणेपर्यंत वर्ग दाराबाहेर पडला होता.

बाजाराचा दिवस होता. कादरभाई पाटलीणबाईंना, म्हणजे कुसाबाईंना, मांजरपाट मोजून देत होते. पोरांनी त्यांचा मोजता हात मध्येच धरला आणि स्वतःच्या हाताशी लावून पाहिला. कुसाबाई बघत होत्या. त्यांच्या डोक्यात भलताच उजेड पडला.

"म्हंजी आमच्या मालकाचा हात यापरीस लांब हाय की."

कारभारी पाटलांना बोलावणं गेलं. पाटील ताडमाड माणूस, त्यांचा हात कादरभाईंच्या पुढे चांगला चार बोटं गेला. मग काय, बाजारातल्या प्रत्येक बाईला आपल्या नवऱ्याचा हात आठवला. एरवी कुणी ज्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हतं, असे लंबूटांग नवरे शोधून आणले गेले. जिचा नवरा बुटका, ती तेवढी कादरभाईंच्या बाजूनं बोलत होती.

कादरभाई ठाण बाजूला ठेवून खाली बसले. "कुणाला कमी दिलं नाय मी," ते हळूच म्हणाले. "अल्लानं दिला तेवढाच हात हाय माझा."

ते ऐकून पाटीलही वरमले. पण प्रश्न सुटेना. ज्या शाळेनं हे काढलं तिनंच निवाडा करावा, असं ठरलं.

तिकडे साहेबांचा टांगा शाळेशी पोचला होता. आत चिटपाखरू नाही, आणि समोरून कापडाचं ठाण पुढे धरून, बाह्या सरसावलेला सगळा बाजार चालत येतोय. साहेबांना वाटलं, सत्याग्रह. ते टांग्यात परत चढले. पोरांमागे बाजारात गेलेल्या गुरुजींनी गर्दीतून धावत येऊन घोड्याचा लगाम धरला, त्यांना खाली उतरवलं आणि घाम पुसत सगळं सांगितलं. नोकरी गेली, हे त्यांनी मनात धरूनच टाकलं होतं.

साहेब रागानं काही बोलणार, तेवढ्यात जहिदा पुढे आली.

"गुरुजी, खरा हात कुणाचा?"

गुरुजींनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी पाटलांकडे. गोरक्षला बोलायचं होतं, पण तो एक पाऊल मागे सरला. समजवायचं झालं होतं, आता करायची पाळी तिची होती. जहिदानं सगळ्यांचे हात एकदा पाहून घेतले. मग अंगणातल्या लिंबाखालची एक सरळ काडी उचलली.

"कुणाचाच नको," ती म्हणाली. "ही घ्या. ही कुणाच्याच अंगाची नाय."

गोरक्षनं काडीची टोकं दगडावर घासून नीट केली. मग एकेक जोडी आत गेली, त्याच काडीनं खोली मोजून बाहेर आली आणि उत्तर सांगू लागली. पहिल्या जोडीनं सांगितलं, दुसऱ्या जोडीनं तेच, तिसरीनंही तेच. बाजारातला गलबला बसत गेला. शेवटचं पोर बोललं तेव्हा अंगणात लिंबाची सळसळ ऐकू येत होती. जगात पहिलं माप ज्यानं ठरवलं, तो माणूस आपल्यासमोर परकराला नाक पुसत उभा आहे, असं गुरुजींना वाटलं.

साहेबांनी पगडी काढली. "वार म्हणून तीन फुटांची एक लोखंडी पट्टी माझ्या कचेरीत भिंतीला टांगलेली असते," ते म्हणाले. "ती तिथं का आहे, हे मला आज कळलं."

कादरभाईंनी तशीच एक काडी मागून घेतली. कुसाबाईंनी कुरकुर न करता कापड घेतलं.

इथं थांबलं असतं तर बरं होतं. पण साहेब इतके खूश झाले, की त्यांनी पोरांकडून खोलीची रुंदीही मोजून घेतली आणि तिथल्या तिथं हिशेब केला. एवढ्या खोलीत एवढी मुलं नियमात बसत नव्हती. पहिलीला घरी बसवावं लागेल, असं ते फार जड आवाजात म्हणाले. माप इतकं चोख होतं, की वाद घालायला जागाच नव्हती.

गोरक्षनं जहिदाचा हात घट्ट धरला. चौथीतल्या एकूणएक पोरानं आपापल्या धाकट्याला तसंच धरलं. ते पाहून पाटील खाकरले आणि म्हणाले, की माझी कांद्याची चाळ मोठी हाय, अर्धी शाळेला घ्या.

शाळा चाळीत गेली. जागा ऐसपैस, वारा भरपूर. पलीकडच्या अर्ध्या चाळीत बायका दिवसभर कांदे कापून पाती वेगळ्या करत. पुढल्या वर्षी दुसरे साहेब तपासणीला आले. त्यांनी दारातूनच पाहिलं, की मोठी पोरं धाकट्यांना गणित समजावताहेत आणि दोघंही घळाघळा रडताहेत. ते आत आलेच नाहीत. त्यांनी शेरा लिहिला: 'गणित उत्तम. गुरुजी फार मारतात.'