मजेत असल्याचे परिणाम

श्रीमंत राष्ट्रात माणूस सुखी असतोच. शेजारच्या राष्ट्रापेक्षा किती, एवढाच प्रश्न उरतो. तो सोडवायला आमचा कल्याण-तुलना विभाग आहे. (मी तिथे उपतुलनाकार. तुलनाकाराचं पद नऊ वर्षं रिकामं आहे, पण शेजाऱ्यांकडे ते अकरा वर्षं रिकामं असल्यामुळे आम्ही समाधानी आहोत.)

शेजारी राष्ट्रात म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून चारदा मदतनीस जाते, आमच्याकडे तीनदा. तरी सुखाच्या यादीत आम्ही मागे होतो ते फक्त एका शतांशाने. म्हणजे आमची माणसं कमी मदतीत जवळपास तितकीच सुखी होतात. मदत आणखी कमी केली तर आम्ही पुढे जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

यंदाच्या सुख-पाहणीत माझ्या सख्ख्या आत्याचं नाव निघालं. वय ब्याऐंशी, घर तिसऱ्या मजल्यावर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पाहणीवाल्या बाईंनी दारातच विचारलं, कशा आहात आजी? परक्या माणसापुढे कोण रडगाणं गाणार? आत्या म्हणाली, मजेत.

आमच्या तक्त्यात 'बरं चाललंय'ला सहा गुण, 'चाललंय'ला चार, 'चाललंय आपलं'ला दोन आणि नुसत्या उसाशाला शून्य (उसासा लांबल्यास पुरवणी जोडावी). 'मजेत'ला पूर्ण दहा. दहा गुणवाल्यांची मदत नियमानुसार बंद होते.

आत्याला अंघोळ घालायला येणारी बाई सोमवारपासून येईनाशी झाली. आठव्या दिवशी आत्याचा फोन आला. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून. मी तिला 'मजेत नसल्याबाबत'चा अर्ज सुचवला. तो स्वतः कार्यालयात आणून द्यावा लागतो. अर्जदार आला, तर त्याला जिना उतरता येतो हे सिद्ध होतं. आला नाही, तर त्याची तक्रार नाही असं धरतात.

"अरे, ते आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं," आत्या म्हणाली. "मजेत म्हणणारी माणसं मजेत थोडीच असतात?"

तिनं शब्द मागे घेतला तर देशही मागे पडेल, हे मी तिला समजावून सांगितलं.

"राहू दे मग," ती म्हणाली. "तू नोकरी सांभाळ. मी ओल्या फडक्यानं पुसून घेते."

यंदा आम्ही पहिले आलो.

आता तर घरोघर जाण्याचीही गरज उरलेली नाही. हे वाचताना आपण दोनदा हसलात, त्यातलं एकदा आत्याच्या जिन्यापाशी. त्याची नोंद झाली आहे. आपल्याकडे येणारी मदत सोमवारपासून बंद.