एकही फट नको

इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये माझ्या शेजारी राहणारे जोगळेकर काका गाडीची किल्ली फॉइलमध्ये गुंडाळून ठेवतात. किल्ली, क्रेडिट कार्ड, पासपोर्ट, सगळंच. एकदा दुकानात पैसे देताना त्यांनी गुंडाळी उलगडली, तर आतून थालीपीठ निघालं. मागे रांग खोळंबलेली. काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे कार्ड डब्यात गेलं वाटतं."

काका निवृत्त रेडिओ इंजिनिअर. लहरी कुठून कशा घुसतात हे पक्कं माहीत असल्यामुळे त्यांचा भिंतींवरही विश्वास नाही. "एक फट राहिली की संपलं!" हे त्यांचं ब्रीदवाक्य. वायफाय त्यांनी कधीच काढून टाकलं होतं. गेल्या उन्हाळ्यात तर घरभर भिंतींना, छताला, खिडक्यांना आतून ॲल्युमिनियमची बारीक जाळी ठोकली. जाळी धरायला अर्थातच मी. मग मी आत फोन घेऊन उभा राहायचो आणि काका लॉनवरून मला फोन लावायचे. वाजला, की फट शोधा! एक फट देव्हाऱ्यामागे निघाली. काकांनी गणपतीला "सॉरी हं" म्हणत बाजूला सरकवलं आणि फॉइल चिकटवलं. अखेर फोन वाजेनासा झाला, तेव्हा त्यांनी मला पेढा भरवला.

"पण कशासाठी, काका?"

"तब्येतीला चांगलं असतं."

मी नागपूरचा, एकटा राहणारा, त्यांच्या हातच्या आमटीवर जगणारा. वाद घातला नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत त्यांची एकुलती एक लेक इरा हर्नडनहून चार दिवसांसाठी आली. ती कंपनीचे सर्व्हर सांभाळते. ते बंद पडले की तिला फोन येतो, आणि नेमकी त्या आठवड्यात तिचीच ड्यूटी होती. पोरगी फोन उंच धरून घरभर फिरली. शेवटी म्हणाली, "बाबा, देअर इज नो सिग्नल एनीव्हेअर! आय ॲम ऑन कॉल." आणि बॅग उचलून हॉटेलात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात. हातात पक्कड, डोळे लाल.

"चल. जेवणाच्या खोलीतली जाळी काढायचीय."

खिळे उपसता उपसता ते भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तुझी काकू होती तेव्हा इरा जेवताना किती बोलायची. मागच्या वेळी चार दिवस नुसती फोनवर होती रे. वाटलं, तासभर तरी फोन बंद राहील, माझ्याशी बोलेल."

मी पुढचा खिळा उपसला. तब्येतीचं कारण मी खरं मानलं होतं, याची लाज वाटली.

जाळी उतरल्यावर काकांनी त्याच खोलीतून इराला फोन लावला. "ये बाळा. इथून लागतोय बघ."

दुपारी माझ्याकडे राहिलेली त्यांची पक्कड परत द्यायला गेलो, तर काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. इराची मीटिंग चाललीय."

इरा जेवणाच्या टेबलावर फोनच्या नेटवर लॅपटॉप चालवत, कानाला हेडफोन लावून कुणाला तरी इंग्रजीतून झापत होती. काका शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले आणि संत्रं सोलू लागले. तिच्या त्या सर्व्हरच्या बोलण्यातलं त्यांना कितपत कळत होतं, देव जाणे. चेहरा मात्र फुललेला.

बोलता बोलता, पडद्यावरची नजर न काढता, इराने हात पुढे केला. काकांनी त्यावर एक फोड ठेवली, शिरा काढून.