मठपती सर आणि हेपॅरिनची तपासणी

डॉ. मठपती फोनवर ‘हॅलो’ म्हणत नाहीत. ‘काय चालवलंय तुम्ही?’ असं विचारतात आणि मग पलीकडे कोण आहे याची चौकशी करतात.

लातूरच्या आमच्या दवाखान्यात ते पॅथॉलॉजिस्ट, मी फिजिशियन. सर मूळचे उदगीरकडचे. दिवसभर तळघरातल्या लॅबमध्ये बसून वरच्या सगळ्या मजल्यांवर चिडणं हा त्यांचा शिरस्ता. नीट न हलवल्यानं गोठलेल्या रक्ताची नळी आली की ती घेऊन स्वतः जिना चढतात. “हे रक्त हाय का जांभळाचा मुरंबा?” नर्स ओशाळते, सर तणतणत खाली जातात.

पण त्यांचा अस्सल संताप हेपॅरिनवर. ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून हे इंजेक्शन देतात. क्वचित एखाद्याचं शरीर त्यावरच उलटतं. प्लेटलेट कमी होतात, आणि रक्त वाहायच्या ऐवजी जागोजागी गोठू लागतं. पाय जाऊ शकतो, जीवही. याची तपासणी बाहेरगावी जायची आणि रिपोर्ट यायला कित्येक दिवस लागायचे.

“तोवर पेशंटनं काय करावं? रिपोर्टची वाट बघत नीट पडून राहावं?” असं म्हणत सरांनी व्यवस्थापनाशी भांडून झटपट तपासणीचे किट मागवले. पहिले किट मुदत संपून फेकावे लागले. बैठकीत कुणीतरी हसत विचारलं, “सर, हे लागतं तरी किती वेळा?”

“भिंतीवर आग विझवायचा लाल डबा लावलाय. तो किती वेळा लागला? काढून टाकता का?”

किट पुन्हा आले. पुन्हा पडून राहिले.

मग खुब्याच्या ऑपरेशनसाठी कर्नाटकच्या सीमेपलीकडच्या खेड्यातून गौरव्वा आल्या. ऑपरेशननंतर आठवडाभरात त्यांच्या प्लेटलेट निम्म्याच्याही खाली गेल्या. डेंगू असेल म्हणून अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. कदमांनी प्लेटलेट चढवायला सांगितल्या. रक्तपेढी सरांच्याच हाताखाली. पिशवी आली नाही, सर आले.

“काय चालवलंय तुम्ही? हेपॅरिन चालू हाय ना हिला?”

“हाय,” कदम म्हणाले. “पण ताप पण हाय.”

“पाय बघितला का कुणी?”

मी पांघरूण बाजूला केलं. डावी पोटरी टम्म सुजली होती.

“इंजेक्शन आत्ता बंद. प्लेटलेट देऊन आगीत तेल ओतायलात खामखा.” रक्त घेऊन ते खाली धावले. अर्ध्या तासाच्या आत फोन आला. तपासणी पॉझिटिव्ह होती. “पक्कं करायला नमुना बाहेर पाठवतोय. पण तुम्ही थांबू नका, गुठळीवरचं दुसरं औषध सुरू करा.” आम्ही केलं.

पोटरीत गुठळी निघाली, पण ती वर सरकली नाही. हळूहळू सूज उतरली, प्लेटलेट चढू लागल्या. गौरव्वांना साध्या वॉर्डात हलवलं, त्या दुपारी सर वर आले. हातात नळी नव्हती. वॉर्डबॉयनं खाट वाकडी लावली म्हणून त्याला झापलं, पंख्याच्या आवाजावर चिडले, मग पायथ्याशी उभे राहिले. पेशंटशी बोलायची सवयच नव्हती.

गौरव्वांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांना मराठी जेमतेम येतं.

“ऊटा आय्तेनु, तम्मा?”

मला एवढं कन्नड कळतं. जेवलास का, बाळा.

सर अगदी हळू म्हणाले, “इल्ला, अव्वा.” नाही, आई. इतक्या वर्षांत त्यांचा तो आवाज मी ऐकला नव्हता. त्यांची आई गेल्यावर घरात कन्नड बोलणारं, किंवा कसलंच काही बोलणारं, कुणी उरलं नाही, हे मला त्या दुपारी त्यांच्या गप्पांतून उमगलं.

गौरव्वांच्या लेकीनं डबा उघडला. सर स्टूल ओढून बसले आणि कडक भाकरीला शेंगाची चटणी लावून खाऊ लागले. पेशंटच्या खाटेजवळ कुणी खायचं नाही, असा सरांनीच घालून दिलेला नियम आहे. सिस्टर तरातरा येताना दिसल्या, तेव्हा मी पडदा ओढून घेतला.