अमोघने सूर्य सरकवला

सूर्य जागचा हलवता येतो, हे अमोघला पक्कं ठाऊक होतं. चूक एवढीच झाली, की जांबे गावातल्या आपल्या घरमालकीणबाईंना त्याने ते सांगून टाकलं!

"एक अवाढव्य आरसा घ्यायचा, काकू. सूर्याच्या एका अंगाला तरंगत ठेवायचा. उजेडाच्याच रेट्याने सूर्य हळूहळू सरकतो, आणि मागोमाग पृथ्वीबिथ्वी सगळं बिऱ्हाड!"

"आनि आरसा धरायचा कुनी?" चंद्राबाईंनी विचारलं.

"माणूस लागतच नाही! आपोआप तरंगतो."

चंद्राबाईंनी त्याला गच्चीवर नेलं. शेजारच्या नव्या इमारतीने त्यांचं सगळं ऊन गिळलं होतं. खाटेवरच्या कुरडया अजून दमटच होत्या, आणि त्या न्यायला लेक शुभांगी संध्याकाळी सासरहून येणार होती.

"मग आन सूर्य हिकडं. कुरडया आंबल्या, तर खोली खाली करायची!"

अमोघ गच्चीभर ऊन शोधू लागला. हिंजवडीच्या ऑफिसला इतकी जवळची खोली पुन्हा कुठली मिळायला! पाण्याच्या टाकीवर तेवढं ऊन होतं. त्याने चंद्राबाईंच्या कपाटाचा उभा आरसा काढला आणि टाकीवर विटांच्या आधाराने तिरका ठेवला. खाटेवर लख्ख ऊन पडलं!

"लई हुशार रं बाबा!" चंद्राबाई हरखल्या. अमोघ ऐटीत जेवायला गेला.

परत येतो तो काय, गच्चीवर आरडाओरडा! ऊन खाटेवरून उतरून, गल्ली ओलांडून, चंद्राबाईंच्या जावेच्या गच्चीवर जाऊन बसलं होतं. दोघींचं बोलणं बंद होतं. तरी जाऊबाईंनी लगबगीने आपले पापड त्या उन्हात पसरले होते.

"माजा आरसा, आनि ऊन हिला?" चंद्राबाई कडाडल्या.

"काकू, सूर्य पुढे सरकला ना, म्हणून..."

"तू सरकवतोस न्हवं? मग आता हुबा कर त्याला!"

सूर्य काही उभा राहीना. शेवटी अमोघच टाकीवर उभा राहिला, आरसा कवटाळून! ऊन सरकलं की आरसा जरासा वळवायचा. इतक्यात ऑफिसचा फोन वाजला. खिशात हात घालतोय, तोवर ऊन जाऊबाईंकडे पळालं!

"आलं गं बाई!" तिकडून आनंद.

बिचाऱ्याने फोन वाजू दिला.

संध्याकाळी शुभांगी आली. कुरडया कडकडीत वाळल्या होत्या. पण टाकीवरचा लालबुंद, नाक सोललेला माणूस बघून ती दचकली.

"आई, ह्यो कोन?"

"आपला भाडेकरू. सूर्य सरकवतो!" चंद्राबाई अभिमानाने म्हणाल्या आणि अमोघकडे वळल्या. "उद्या सांडगं घालायचेत. हापिसात सांगून टाक, तुला येळ न्हाई."