नाव नको, काम सांगा

घरतकाकांनी आमच्या ऑफिसातल्या पंख्याला पंखा म्हटलेलं मी गेल्या दोन वर्षांत ऐकलेलं नाही. "ते वारा फिरवतं ते जरा कमी करा, कागद उडतायत," असं ते म्हणतात. स्टेपलर म्हणजे 'दोन कागद धरून ठेवतं ते'. चहा म्हणजे 'अकरा वाजता जागं करतं ते'. नवीन माणूस आठवडाभर गोंधळतो, मग त्यालाही लागण होते. मध्यंतरी मी घरी मुलीकडे 'कुलूप उघडतं ते' मागितलं. "आई, चावी म्हण," ती म्हणाली.

आमचं ऑफिस उरणला, बंदराच्या रस्त्यावर. खिडकीतून दिवसभर ट्रेलर दिसतात, बहुतेक उभेच. परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून देणं हा आमचा धंदा. प्रत्येक वस्तूला सरकारी पुस्तकात एक आकडा असतो आणि त्या आकड्यावर ड्यूटी, म्हणजे आयातीचा कर, ठरते. आकडा चुकला की माल अडकतो, दंड होतो आणि गिऱ्हाईक माझ्यावर ओरडतं, कारण फोन माझ्या टेबलावर आहे. आकडा ठरवणं हे काकांचं काम. त्यातही विजेच्या मोटरी आणि त्यांना चालवणारी, थांबवणारी, आवरणारी उपकरणं हा त्यांचा खास प्रांत.

"कंपनीवाले खोक्यावर काय पण लिहितात," ते म्हणतात. "कंट्रोलर लिवला म्हणून कंट्रोलर झाला काय? नाव नको, काम सांगा."

माणसांनाही त्यांचा हाच प्रश्न. आमच्या मालकांच्या, शेठच्या, मुलाच्या लग्नात एका सुटातल्या गृहस्थांची ओळख 'मोठे सल्लागार' म्हणून करून दिली. काकांनी विचारलं, "काम काय करता?" गृहस्थ दहा मिनिटं सांगत होते. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे सुटा भाग." माझी वर्गवारी त्यांनी पहिल्याच वर्षी करून टाकली होती. "सुनंदाताई म्हणजे पॅनेल. स्वतः काय फिरवत न्हाय, पण हिच्याबिगर काय फिरत पण न्हाय." मी ते कौतुक म्हणून घेतलं नाही. कोणाला बटणांची पेटी म्हटलेलं आवडेल?

आणखी एक गोष्ट, हा माणूस बसत नाही. त्यांच्या खुर्चीवर जाडजूड पुस्तकं बसतात आणि काका टेबलांमधून फेऱ्या मारत विचार करतात. चपलांचा फटक फटक आवाज. अकराला, एकला आणि चारला गॅलरीत जाऊन घरी फोन करतात, दोन वाक्यांत संपवतात. सव्वापाचला स्कूटर सुरू झालीच पाहिजे. समोर कस्टमचा साहेब बसलेला असला तरी काका त्याला नमस्कार करून निघतात.

हे सगळं चाललं असतं. पण शेठनी कॉम्प्युटरवर एक नवी सोय घेतली. मालाचं नाव टाकलं की आकडा बाहेर येतो. काकांनी तिला पहिल्याच दिवशी 'जलद चुकतं ते' असं म्हटलं. शेठ तिथेच उभे होते.

मग बारा खोक्यांचा तो माल आला. अलिबागच्या एका गिऱ्हाइकाच्या मासळीच्या शीतगृहासाठी. बिलावर लिहिलेलं, मोटर कंट्रोलर. कॉम्प्युटरने क्षणात पॅनेलचा आकडा दिला, पंच्याऐंशी-सदतीस. काकांनी तीन फेऱ्या मारल्या.

"मी सही न्हाय करत. आधी खोका उघडा."

"काका, गिऱ्हाईक घाईत आहे," मी म्हटलं.

"खोका घाईत न्हाय ना?"

भर उन्हात ते कंटेनर यार्डात गेले. परवानगी, तपासणी, साहेबांची वेळ, यात तीन दिवस गेले. शीतगृहवाल्याने तीन दिवस माझं डोकं खाल्लं. शेवटी तरुण साहेबांसमोर खोकं उघडलं आणि काकांनी आतल्या जोडणीच्या नकाशावर बोट ठेवलं.

"साहेब, पॅनेल मोटरला सांगतं, चाल, थांब. हे सांगत न्हाय. आलेली वीजच बदलून, हवी तेवढी करून मोटरला वाढतंय. सांगणारा वेगळा, वाढपी वेगळा. ही ड्राइव्ह हाय. पंच्याऐंशी-शून्य चार."

साहेब हसले आणि पटलं म्हणाले. कॉम्प्युटरचा आकडा तसाच गेला असता तर पुढे दंड लागला असता, हे मी शेठना सांगितलं. शेठ कच्छचे, तीस वर्षं इथे काढलेले.

"बरोबर छे, बेन. पण कॉम्प्युटर एका जागी बसून काम करे छे, ने हे काका आखा दिवस फिरतात. गिऱ्हाईक तुटेल. एक तारखेपासून काका नको. तमेच सांगा, तुमचं ऐकतात."

काकांना कामावरून काढल्याच्या पत्राचं पाकीट त्यांनी माझ्या हातात दिलं. अशी कामं माझ्याकडेच येतात. ऑफिसात सगळ्यांसमोर नको, म्हणून मी ठरवलं की घरी जाऊन द्यायचं. मी राहते रेवसला, रोज करंज्याहून लाँचने पलीकडे जाते. काकांचं घर धक्क्याच्या वाटेवरच. शुक्रवारी काका यार्डातच होते, खोकी पुन्हा बंद करून घ्यायला. मी रिक्षा केली. पाकीट द्यायचं, दोन शब्द बोलायचे, साडेसहाची लाँच पकडायची.

पोचले तर स्कूटर नव्हती. पावणेसहा झाले होते. काकी ओटीवर उभ्या. बसल्या, पुन्हा उठल्या, फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या. त्यांना मी तीन-चार वर्षांनी बघत होते. मधे आजारी होत्या एवढंच माहीत होतं.

"आला न्हाय," त्या मला म्हणाल्या.

"कोण, काकी?"

"त्या... येतं त्या."

त्यांच्या बोलीत 'त्या' म्हणजे 'ते'; मला वाटलं पाण्याचा टँकर. त्यांनी जोरात मान हलवली. दूधवाला? गॅस? प्रत्येक नावाला त्या जास्तच चिडल्या. माझा पदर धरून त्यांनी मला रस्त्याकडे वळवलं, जणू मीच नीट बघत नव्हते. "येतं त्या," पुन्हा म्हणाल्या, मोठ्याने, बहिऱ्याला सांगावं तसं.

तेवढ्यात वळणावर स्कूटर दिसली. काकींनी माझा पदर सोडला आणि ओटीवर मांडी घालून बसल्या.

"आला," म्हणाल्या.

काकांनी हेल्मेट काढलं, मला पाहिलं, पण आधी त्यांच्यापाशी गेले. काकी म्हणाल्या, "तिला दे. पितात त्या."

"गार की गरम?"

"तान लागल्यावं."

काकांनी मला पाणी आणून दिलं. काकींनी वर बोट केलं, "फिरव," तर पंखा लावला. एकदाही थांबले नाहीत, एकदाही 'काय?' म्हणाले नाहीत.

"दोन वर्षं झाली," ते मला हळू आवाजात म्हणाले. "मेंदूत रक्ताची गाठ अडकली. हातपाय सुधारले, नावं गेली. कशाचं काम काय, ते सगळं ठाव हाय तिला. नाव तेवढं येत न्हाय."

"म्हणून तुम्ही ऑफिसात..."

"दिवसभर तसं बोललो तर संध्याकाळी कान तयार असतो. रविवारी पाव्हण्यांशी नावं घेऊन बोललो की जरा सवय मोडते. मग तिला माझ्यासाठी थांबायला लागतं, चिडते." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "आज मला उशीर झाला."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. पाकीट पिशवीतून अर्धं बाहेर आलं होतं. काकांनी ते पाहिलं. चाळीस वर्षं खोक्यांत डोकावलेला माणूस, त्यांना कळायला कितीसा वेळ लागणार?

"शेठनी दिलंय ना?" ते उभ्याउभ्याच म्हणाले. "काय काम करतं ते?"

"काही नाही," मी ते परत आत सरकवलं. "बंद पडलेलं आहे."

लाँच थोडक्यात मिळाली.

सोमवारी मी शेठच्या टेबलावर पाकीट ठेवलं आणि सांगितलं, काका गेले तर पुढच्या चुकीच्या आकड्याच्या कागदावर सही तुमची, माझी नाही. शेठना तेवढं पुरलं. कॉम्प्युटरने नाव वाचायचं, काकांनी काम बघायचं, आणि काकांची सुट्टी पाचला, असं मी हजेरीपटावर लिहून टाकलं. कारणाच्या रकान्यात 'कार्यालयीन सोय' लिहिलं.

त्या दिवशी पाच वाजले तरी काका नमुन्याला आलेल्या एका विजेच्या रिलेच्या खोक्याभोवती फेऱ्या मारत होते. मी फोन खाली ठेवला.

"काका, वाट बघतात त्या उभ्या असतील. निघा."

चपलांचा आवाज थांबला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पुस्तक मिटलं, आणि वाद न घालता जिना उतरले.